सात नंबरच्या पायऱ्या

१

शुक्रवारी सकाळी साडेसातला गोजरबाईंचा फोन आला. "अक्का, सात नंबरच्या पायऱ्या चोरीला गेल्या."

विजयमालाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. एसटीत एकोणतीस वर्षं कंडक्टर म्हणून काढल्यामुळे हरवलेल्या वस्तूंचं त्यांना नवल राहिलं नव्हतं. छत्र्या, डबे, जिवंत कोंबडी आणि एकदा लग्नाच्या गाडीत खुद्द नवरदेव, एवढं सगळं बारामती-इंदापूर रस्त्यावर हरवलेलं आणि सापडलेलं त्यांनी पाहिलं होतं. पण पायऱ्या?

"नीट बघितलंस का गं? असतील तिथंच."

"पायऱ्या काय चष्मा हाय का अक्का, कुठंबी ठिवून इसराया?"

बाई निघाल्या. जळोचीच्या कडेला, जिथं बारामती शहर संपल्यासारखं करतं आणि ऊस सुरू झाल्यासारखं करतो, तिथं, बाई निवृत्तीनंतर जिच्या कामाला लागल्या होत्या त्या 'जोतं प्रतिष्ठान' या संस्थेची बारा घरं उभी होती. घर इथं फुकट मिळत नसे. झेपेल असा हप्ता असे, आणि शिवाय प्रत्येक कुटुंबानं चारशे तास स्वतःच्या अंगानं राबायचं असे. विटा वाहायच्या, वाळू चाळायची, भिंतींवर पाणी मारायचं. मात्र बारातलं आपलं घर कोणतं, हे शेवटच्या दिवसापर्यंत कुणालाच कळू द्यायचं नाही. ही युक्ती अध्यक्ष रामहरीतात्यांची. तात्यांचं म्हणणं असं की, माणसाला आपलं घर कळलं की शेजारच्या भिंतीला तो सिमेंट कमी आणि सल्ले जास्त देतो. कळलं नाही, तर बाराही भिंती त्याच्याच.

म्हणून महिन्यापूर्वी बारा कुटुंबांच्या नावांचे बारा लिफाफे केले गेले. घडी घातलेल्या नंबरांच्या चिठ्ठ्या तात्यांनी न उघडता, न बघता एकेकात सरकवल्या, वर लाख ओतली आणि लाखेवर स्वतःचा अंगठा दाबला. अंगठा भाजला, पण पारदर्शकता टिकली. लिफाफे फुटायचे होते शनिवारी, म्हणजे उद्या अकरा वाजता.

सात नंबरसमोर सगळी वसाहत जमली होती. दारापुढच्या दोन पायऱ्या खरोखरच नव्हत्या. त्यांच्या जागी दाराच्या उंबऱ्यापासून थेट गल्लीपर्यंत सिमेंटचा एक उतार पसरला होता. लांबलचक, ओबडधोबड, कुठं खपली, कुठं टेंगूळ. म्हशीनं जीभ बाहेर काढून ठेवावी तसा तो दिसत होता.

"काल बाजारामुळं कामाला सुट्टी हुती," गोजरबाई म्हणाल्या. "हितं चिटपाखरू नव्हतं. आन् हे बघा."

असा उतार कुणाला लागतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बारा कुटुंबांत चाकाची खुर्ची एकाच घरात होती. म्हणूनच कुणी काही बोलत नव्हतं.

२

बोलल्या त्या राजेश्वरीबाई. त्या प्रतिष्ठानच्या सचिव आणि निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्तीला सहा वर्षं झाली होती, पण त्या अजून प्रत्येक वाक्याच्या शेवटी वर्ग गप्प बसायची वाट बघत.

"उतार कुणाच्या उपयोगाचा? चाँदभाईंच्या. म्हणजे सात नंबर चाँदभाईंना मिळणार, हे कुणाला तरी आधीच माहीत होतं. म्हणजे लिफाफा फुटलेला आहे."

"अहो पण बाई," तात्या म्हणाले, "चाँदभाई तिकडं बावड्याला. पाय न्हाय त्या माणसाला. तो काय हितं येऊन घण मारणार?"

"त्यांच्यासाठी कुणी मारला असेल. नियम चौदा. लाभार्थ्यानं विनापरवाना बदल केला अथवा करवला, तर नाव कमी. उद्या त्यांच्या बायकोच्या, मेहबूबबींच्या, लिफाफ्यात सात निघाला, तर मी चावी देणार नाही. प्रतीक्षा यादीतलं पुढचं नाव घ्यायचं. दुसरा नंबर निघाला, तर माझी शंका खोटी. मी स्वतः माफी मागेन."

राजेश्वरीबाईंनी आयुष्यात कुणाची माफी मागितल्याचं ऐकिवात नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना त्या शब्दाचंच दडपण आलं.

तात्यांनी विजयमालाबाईंना बाजूला घेतलं. "विजूताई, तुमी गाडीत नुसतं तोंड बघून पोराचं वय सांगत हुता. उद्या अकराच्या आत एवढं शोधा. सहा वर्षं वाट बघितलीय त्या बाईनं. आता दारातनं परत पाठवायची म्हंजे..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. तात्यांची अशी बरीच वाक्यं शिल्लक असत.

प्रतिष्ठानचा इंजिनिअर दीपक कोपऱ्यात उभा होता. तिशीचा, इस्त्रीचा, चपला नेहमी जोडीनं काढणारा. नियम एक ते बावीस त्यानंच टाईप केलेले. आज मात्र तो नियम चौदा ऐकून भिंतीकडं बघत होता.

"साहेब, कपाट दाखवा," विजयमालाबाई म्हणाल्या.

दीपकनं किल्ल्यांचा जुडगा टेबलावरून कोपरानं पुढं सरकवला. "तुम्हीच उघडा, मॅडम."

एरवी तो त्या कपाटाला तात्यांनाही हात लावू देत नसे. बाईंनी ते मनात ठेवलं आणि कपाट उघडलं. बारा लिफाफे. बारा लाखा. बारा अंगठे. मेहबूबबींच्या लिफाफ्यावरची लाख उन्हात धरून बघितली, नखानं चाचपली. तडा नाही, पुन्हा वितळवल्याचा थेंब नाही.

म्हणजे लिफाफा कुणी उघडला नव्हता. मग उतार बांधणाऱ्याला सात नंबर कळला कसा?

३

पहिला संशय बिरदेव मिस्त्रीवर जाणं भाग होतं. सिमेंट त्याच्या ताब्यात, थापी त्याच्या हातात, आणि चाँदभाईंचा तो जुना दोस्त.

बिरदेव घरीच सापडला. बायको आत भाकरी थापत होती.

"काल कुठं होतास?"

"बाजारला गेलतो की."

"काय आणलंस?"

"वांगी."

आतलं थापणं थांबलं. "वांगी? कवा?" बायकोनं विचारलं.

बिरदेवनं टोपी काढली, झटकली, परत घातली. कंडक्टरबाईंनी ही टोपी झटकणारी माणसं हजारो पाहिली होती. त्यांच्या खिशात तिकीट नसतं, पण चोरी मात्र दर वेळी नसते. कधीकधी तिकीट त्यांनी दुसऱ्याला दिलेलं असतं.

"तू बांधलास का रे तो उतार?"

"म्या?" बिरदेवला हा आरोप चोरीपेक्षा जास्त लागला. "अक्का, तुमी त्यो गिलावा बघितला का? असला गिलावा माज्या हातनं झाला तर म्या थापी निरा नदीत बुडवीन आन् वर नारळ फोडीन. माल कालवलाय का गोठा सारवलाय?"

हे खरं होतं. बिरदेव खोटं बोलेल, पण वाईट गिलावा करणार नाही. विजयमालाबाईंनी त्याला सोडून दिलं. वांगी कुठं आहेत हा प्रश्न मागून अजून ऐकू येत होता.

परत वसाहतीत येतात तो गोजरबाई तीन नंबरसमोर एका पायावर उभ्या.

"अंगठा फुटला माजा. कुणी मेल्यानं भर वाटंत खिळा ठोकलाय."

जमिनीत एक जाड खिळा होता, डोक्याला लाल रंग.

"मांडववाल्यांनी ठोकला असेल उद्यासाठी," बाई म्हणाल्या.

"मांडव तिकडं एक नंबरपाशी. खिळा हितं. त्यांचं डोकं कुठं हाय?"

ऑफिसात चहा आला होता. दीपकनं ग्लास घेतला नाही, बशी मागितली, आणि ती टेबलावरच ठेवून तोंड खाली नेऊन प्यायला. फोन वाजला तो त्यानं बोटाच्या पेरानं दाबला.

"कालची सुट्टी कशी गेली, साहेब?"

"घरी होतो. वाचत होतो."

"काय?"

"बांधकामाचंच," दीपक म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

सुट्टीच्या दिवशी बांधकामाचं वाचणारा माणूस लाजतो, एवढं विजयमालाबाईंना समजण्यासारखं होतं. त्यांनी पिशवी उचलली आणि इंदापूरची गाडी धरली.

४

इंदापुरात गाडी बदलून बाई बावड्याला उतरल्या तेव्हा दीड वाजला होता. चाँदभाई भाड्याच्या एका खोलीत राहत. वीस वर्षं स्टँडजवळ पंक्चर काढली. सबंध तालुक्याची चाकं फिरती ठेवली, आणि साखर कारखान्यांच्या या मुलुखात साखरेच्याच आजारानं त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली नेला. तोपर्यंत त्यांच्या जळोचीला दोनशे दहा तास विटा वाहून झाल्या होत्या. उरलेले एकशे नव्वद मेहबूबबीनं दर रविवारी पहिल्या गाडीनं येऊन पुरे केले. मुलगी मेहजबीन बारामतीतच कपड्यांच्या कंपनीत शिवणकामाला होती. घर झालं की तिघं एकत्र राहणार होते.

"या मास्तर," चाँदभाई म्हणाले. कंडक्टरला मास्तर म्हणायची त्यांची सवय मोडली नव्हती. "चौकशीला आलाव न्हवं? फोन आलता मेहजबीनचा."

"तुम्हाला माहीत होतं का हो, सात नंबर मिळणार म्हणून?"

"मला उद्या भाकरीसंगं कोरड्यास काय हाय ते सांगत न्हाय ही," त्यांनी बायकोकडं मान हलवली. "नंबर कुठनं सांगंल?"

मेहबूबबी हसली नाही. "अक्का, उतार पायजे म्हणून म्या अर्ज दिलता, हे खरं हाय. राजेश्वरीबाई म्हनल्या, तुमचं घर कोणतं त्येच ठावं न्हाय, मंग उतार कुठं बांधायचा? म्हनलं, चावी मिळाल्यावं बांधतो. तर म्हनल्या, चावी मिळाल्यावं पाच वर्सं बदल करायचा न्हाय. नियमच हाय."

विजयमालाबाईंनी हे दोन नियम डोक्यात शेजारी शेजारी ठेवून पाहिले. घर हातात येण्याआधी ते कोणतं ते कळत नाही, आणि हातात आल्यावर त्याला हात लावता येत नाही. असा बिनचूक घोटाळा फक्त प्रामाणिक माणसांच्या कमिटीलाच जमतो.

"दीपकसायेब मातर दोनदा आलता," चाँदभाई म्हणाले. "खुर्चीची रुंदी मोजून गेला. चांगला मानूस. बोलत कमी, मोजतू जास्त."

जेवणाची वेळ झाली. चाँदभाईंना बाहेरून खोलीत न्यायचं होतं. दारात एक फळी तिरकी टाकलेली होती, पण तिचा चढ इतका की वर जाण्यापेक्षा मागं येणं सोपं. मेहबूबबीनं शेजारी हाक मारली. एक जण शेतावर गेला होता. दुसरा आला, मग तिसऱ्याची वाट बघितली. दोघांनी खुर्ची उचलली. चाँदभाई हवेत असताना डोळे मिटून होते.

आत टेकल्यावर ते म्हणाले, "ही फळी बिरदेवनं दिली. फटफटी चढवाया करत्यात तसली. आमच्याकडं उतार म्हंजे फटफटीचाच, मास्तर. दोन हात लांब, आन् एक्सलेटर." थोडं थांबून म्हणाले, "सोताच्या घरात जायाला दोन मानसं बलवावी लागत्यात. मंग घर कुणाचं? त्या दोन मानसांचं."

परतीच्या गाडीत विजयमालाबाई खिडकीशी बसल्या. बाहेर ऊस, मग केळी, मग पुन्हा ऊस. फटफटीचा उतार. दोन हात लांब. त्या एकदम ताठ झाल्या.

सात नंबरचा उतार दोन हात नव्हता. तो इतका लांब होता की गल्लीत आला होता.

५

शनिवारी सकाळी नऊ वाजता, मांडवात खुर्च्या लागत असताना, विजयमालाबाईंना शिवणकामाची टेप घेऊन बाराही घरांसमोर वाकून फिरताना लोकांनी पाहिलं. प्रत्येक दारापाशी त्या टेप एकदा उभी धरत आणि एकदा आडवी. विचारलं तर म्हणत, "तोरणाचं माप घेतेय."

अकराला लिफाफे फुटू लागले. घर बाईच्या नावावर, म्हणून बायका एकेक करून पुढं येत. तात्या लाख फोडत, राजेश्वरीबाई नंबर वाचत, टाळ्या पडत. गोजरबाईंना तीन नंबर निघाला. त्यांनी आधी स्वतःच्या अंगठ्याकडं पाहिलं, मग चावी घेतली.

चाँदभाईंना टेम्पोतून आणलं होतं. मेहबूबबी सर्वांत शेवटी आली. तोवर दोन नंबर उरले होते, सात आणि अकरा. एका बाईचा लिफाफा तिच्या आधी होता. तिला अकरा निघाला.

मेहबूबबीचा लिफाफा फोडायचीसुद्धा गरज राहिली नाही. तात्यांनी तो तरीही फोडला.

"सात," राजेश्वरीबाईंनी वाचलं आणि चावी पर्समध्ये ठेवली.

दीपक खुर्चीचा आधार घ्यायला गेला, आणि हात टेकताच त्यानं तो झटकन मागं घेतला.

"बाई, चावी काढा," विजयमालाबाई म्हणाल्या. "लिफाफा कुणी फोडलेला नाही. ज्यानं उतार बांधला त्याला सात नंबर कुणाचा हे अजिबात माहीत नव्हतं."

"पुरावा?"

"बारा खिळे."

६

त्यांनी सगळ्यांना गल्लीत नेलं. गोजरबाईंच्या दारातला लाल डोक्याचा खिळा दाखवला. मग दोन नंबरसमोरचा. मग पाचसमोरचा. प्रत्येक घरासमोर एक खिळा होता. फक्त सात नंबरचा नव्हता, कारण तो उताराच्या टोकाखाली गेला होता. टोकाशी सिमेंट थोडं खरवडल्यावर तोही लाल दिसला.

"मला वाटलं मांडववाल्यांचे. पण मोजून बघा. ही जमीन ढाळाची, त्यामुळं जोती कमीजास्त उंच. गोजरबाईंचं जोतं चौदा इंच, खिळा दारापासून चौदा फुटांवर. अकरा नंबरचं नऊ इंच, खिळा नऊ फुटांवर. सात नंबर बारा इंच, उतार बारा फूट. जितके इंच उंची, तितके फूट लांबी. बारा घरं, बाराही बरोबर."

"मग?" राजेश्वरीबाई म्हणाल्या, पण आवाज वर्गातला राहिला नव्हता.

"मग असं, की ज्याला घर ठाऊक आहे तो एका दारात खिळा ठोकतो. ज्याला ठाऊक नाही, आणि कोणतंही निघालं तरी चाँदभाईंची खुर्ची वर गेली पाहिजे असं ज्याला वाटतं, तो बारा दारांत ठोकतो. चावी मिळायच्या आधी बाराही उतार करायचे होते त्याला. सुट्टी एकच दिवस होती. एकच झाला."

"मंग सुरुवात सातापासनंच का?" गोजरबाईंनी विचारलं.

"वाळूचा ढीग कुणाच्या दारात होता?"

ढीग अजून सात नंबरच्या दारातच होता. तो सगळ्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिल्यासारखा पाहिला.

"आता माणूस. आपल्याकडं कुणीही उतार बांधला, तर फटफटीचा बांधेल, दोन हात लांब. इंचाला फूट हे गणित पुस्तकातलं आहे. म्हणजे डोकं इंजिनिअरचं. पण गिलावा बघा. मिस्त्रीचा हात नाही, कधी थापी न धरलेला हात आहे. आणि सिमेंट नव्या हाताला खातं. तळव्याला फोड आले की माणूस किल्ली फिरवत नाही, ग्लास धरत नाही, चहा बशीतून पितो." त्या वळल्या. "दाखवा साहेब."

दीपकनं तळहात पुढं केले. ते बघून मेहबूबबीनं पदर तोंडाला लावला.

"काल बोलायला हवं होतं मी," दीपक म्हणाला. "पण मी हिशेब केला. सात नंबर यांनाच निघण्याची शक्यता बारात एक. अकरा वाटांनी संशय आपोआप मिटत होता. वाटलं, नोकरीही राहील आणि उतारही." त्यानं हात पाठीमागं घेतले. "आता सात वाचल्यावर मी उठणारच होतो. पाय उठत नव्हते."

"साहेब, गाडीत अकरा सीटा चांगल्या असल्या तरी माणूस नेमका फाटक्या सीटवर जाऊन बसतो," विजयमालाबाई म्हणाल्या. "एसटीत असतात तर शिकला असतात."

"म्या बघितलं सगळं," बिरदेव मागून म्हणाला. "लिंबाखाली बसून. सकाळधरनं दिवस मावळंपातुर."

"आणि मदत नाही केलीस?" तात्या म्हणाले.

"इंजिनिअर सायेब सोता माल कालवतूय, हे परत कवा बघाया मिळणार हुतं? आन् मदत केली असती तर पोलिसात दोघं गेलो असतो. एक जण बाहीर ऱ्हायला पायजे, जामिनाला."

सगळे राजेश्वरीबाईंकडं बघू लागले. त्यांनी चष्मा लावला, नियमावली उघडली, नियम चौदा वाचला. मग पुन्हा वाचला. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. मुख्याध्यापिकेचा चेहरा वाचणं अवघड असतं, पण कंडक्टरबाईंना तिकडं काहीतरी सुटताना दिसलं.

"'लाभार्थ्यानं बदल केला अथवा करवला तर,'" त्या सावकाश म्हणाल्या. "दीपक लाभार्थी नाहीत. मेहबूबबींनी तो करवलेला नाही. इंजिनिअरनं केला तर काय, याबद्दल नियम काही बोलत नाही." त्यांनी पुस्तिका मिटली. "नियम अपुरा लिहिलाय. कुणी लिहिलाय?"

"मी," दीपक म्हणाला.

"वाटलंच." त्यांनी पर्समधून चावी काढली आणि मेहबूबबीच्या हातावर ठेवली. मग तो हात सोडायचा त्या विसरल्या. "मेहबूबबी, मी... उताराच्या तुमच्या अर्जावर मी शेरा मारला होता. तो चुकला."

हीच माफी होती. ज्यांना शाळेत त्यांनी शिकवलं होतं त्यांना ती ओळखू आली.

मेहबूबबीनं दार उघडलं आणि आत जाऊन सगळ्या खिडक्या उघडल्या. बाहेर उताराच्या पायथ्याशी चाँदभाईंची खुर्ची होती. बिरदेव आणि टेम्पोवाला सवयीनं दोन्ही बाजूंनी वाकले.

"सोडा," चाँदभाई म्हणाले.

त्यांनी चाकांना हात घातला. वीस वर्षं चाकं फिरवलेले हात होते ते. खुर्ची पहिल्या टेंगळावर अडली, कुरकुरली, पुढं सरकली. दीपकचे ओठ हलत होते. बहुतेक तो फूट मोजत होता. सहाव्या फुटाला चाँदभाई थांबले, दम घेतला. कुणी पुढं झालं नाही. पुढं न होण्यासाठी बिरदेवला गोजरबाईंनी सदऱ्याला धरून ठेवावं लागलं. मग खुर्ची पुन्हा हलली आणि दारातून आत गेली.

आतून चाकं वळल्याचा आवाज आला आणि चाँदभाई दारात दिसले. खाली गल्लीत तात्या, राजेश्वरीबाई, दीपक, अकरा घरांचे मालक, सगळे मान वर करून उभे होते. अनेक महिन्यांनी चाँदभाई कुणाकडं तरी वरून बघत होते.

"या की आत," ते म्हणाले. "का दोन मानसं बलवू उचलाया?"